गनिमाची तोंडं

माझ्या नवऱ्याला कुणी "हरहुन्नरी" म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. म्हणणाऱ्याला वाटायचं, कौतुक केलं. कसलं डोंबलाचं कौतुक! इंदापुरात हरहुन्नरी म्हणजे असा माणूस, की ज्याला कुणीही, कधीही, कशासाठीही हाक मारावी आणि त्यानं भरल्या ताटावरून उठून जावं. दुकानाची पाटी लिहायचीय, बोलवा त्याला. उसाच्या ट्रॉलीवर वाघ काढायचाय, बोलवा. गॅदरिंगला पोरांच्या मिशा रंगवायच्यात, लग्नाच्या मांडवात थर्माकोलची अक्षरं लावायचीत, भजनाला पेटीवाला आला नाही, गणपतीची सोंड दुखावलीय, बोलवा. एकदा तर मागच्या गल्लीतल्या आजींची कवळी तुटली, तीसुद्धा आमच्याच दारात आली. आणि ह्यांनी ती चिकटवून दिली! आजी शेवटपर्यंत त्याच कवळीनं भाकरी खात होत्या.

इतकं सगळं येत होतं, पण चित्रकार मात्र त्यांना कुणी म्हणत नव्हतं. पेंटर म्हणायचे. रस्त्यातून "ओ पेंटर!" अशी हाक आली की हे हातातला घास ताटात टाकून बाहेर. मी चिडायचे, तर म्हणायचे, "अगं, हाकच मारतोय की माणूस, शिव्या देत न्हाय." त्यांना त्याचं काहीच नव्हतं. जे काही होतं ते मला होतं.

त्याला कारण होतं. माझं माहेर सुप्याकडचं. वडिलांची कोरडवाहू जमीन, ज्वारी, बाजरी आणि दारात शेरडं. मला बघायला ही मंडळी आली तेव्हा पोहे येईस्तोवर ह्यांनी चुलीतल्या कोळशानं आमच्या भिंतीवर माझ्या वडिलांचा चेहरा काढला होता, फेट्यासकट. वडील एवढे खूश झाले की पुढचं काही विचारलंच नाही. "जावई चित्रकार हाय," असं त्यांनी सगळ्या भावकीत सांगितलं आणि मीही मैत्रिणींत तेच मिरवलं. लग्नानंतर त्यातलीच एक मैत्रीण इंदापूरला बाजाराला आली आणि म्हणाली, "दाव की गं मालकांची चित्रं." आता काय दाखवू? तिला घेऊन स्टँडसमोर गेले. तिथं एक रिकामी ट्रॉली उभी होती, तिच्या मागच्या फळीवर ह्यांचा वाघ. तिनं वाघाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चांगलाय. पर ह्याला चित्र म्हंत्यात व्हय?" तिनं ते सहज विचारलं असेल. माझ्या मनातनं ते काही केल्या जाईना.

नव्वदनंतरचं मधलंच एखादं साल होतं. गावातल्या एका मंडळानं नवं सभागृह बांधलं. स्टेजच्या मागं भली मोठी भिंत, अगदी कोरी. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सगळ्यांचे आबा, धोतर-टोपीतले, आवाज सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. ते एक दिवस सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "इंदापूरची लढाई काढायची त्या भितीवर. महाराजांचे आजोबा हितं पडले, आपल्या मातीत. आन् पोरास्नी दावायला आपल्याकडं काय हाय? कॅलेंडर!" मला वाटलं, आता हे नेहमीसारखं म्हणणार, "काढू की आबा, उद्या येतो." पण नाही. चहा गार होईस्तोवर हे बोटानं ओट्यावर रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "आबा, मला येळ लागंल." मी कपबशी ठेवून बाहेर डोकावले. ह्या माणसानं जन्मात कुणाकडं वेळ मागितला नव्हता.

कामाला लागले खरं, पण गाव ऐकतंय होय? हे लाकडी शिडीच्या घोडीवर चढून भिंतीवर चौकटी आखायला लागले की खालून कुणीतरी येणारच. ट्रॅक्टरची नंबरप्लेट आहे, जरा येता का. वाढदिवसाचा फळा आहे, दोनच ओळी आहेत. आणि हे खाली उतरायचे! अर्धा घोडा भिंतीवर, पेंटर गायब. मला घरात चैन पडेना. भाकरी तव्यावर टाकली की वाटायचं, आता उतरले असतील. शेवटी भाजीचं टोपलं घेऊन मी सभागृहाच्या दारातच जाऊन बसायला लागले. तिथंच निवडायचं, तिथंच येणाऱ्याला अडवायचं.

"पेंटर हायेत का?"

"न्हाईत."

"मग त्यो वर कोन हाय?"

"चित्रकार हायेत. पाटीची कामं करत न्हाईत."

हे वरून हसायचे. मी हसत नव्हते. एकदा भिंत पुरी झाली, खाली कोपऱ्यात ह्यांचं नाव लागलं, नावाआधी "चित्रकार" असा शब्द लागला, की मी माहेरच्या बायकांना एसटीत घालून आणणार होते. मला तेवढंच हवं होतं. दुसरं काही नको होतं.

रंग आणायला आम्ही बारामतीला गेलो. ह्यांनी पाटीचा डब्यातला रंग घेतलाच नाही, चित्राच्या ट्यूबा मागितल्या. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "पाटीला ट्यूबा? येड लागलं का पेंटर?" हे म्हणाले, "पाटी न्हाय." एवढंच, पण मला बरं वाटलं. ते बरं वाटणं स्टँडपर्यंतसुद्धा टिकलं नाही. वाटेत एक टांगा उभा होता. माझ्या हातात पिशवी देऊन हे सरळ रस्त्यावर उताणे झाले आणि घोड्याच्या पोटाखाली डोकं घालून बघायला लागले! टांगेवाला ओरडतोय, बाजारातली माणसं जमतायत, मी पदरानं तोंड झाकतेय. "अहो, उठा की! काय चाललंय?" खालूनच उत्तर आलं, "पडलेल्या माणसाला घोडा कसा दिसतो, त्ये बघतोय." घोड्यानं लाथ मारली नाही हे नशीब. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही. हे मात्र शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर घोड्याची पोटं काढत बसले होते.

मग आली माणसांची पाळी. ह्यांचं म्हणणं, कॅलेंडरातली तोंडं काढायची नाहीत, आपल्या गावातली काढायची. बातमी पसरली आणि आमच्या दारात रांग. मिठाईवाल्यांना सरदार व्हायचं होतं, तेही घोड्यावर. रंगाच्या मोठ्या डब्यावर मांडी टाकून ते बसले आणि डबा चेपला. शिंपीदादा घरून पगडी शिवून घेऊन आले. तालमीतली पोरं उघडी येऊन दंड फुगवून उभी राहायची. ह्यांनी कितीही सांगितलं, "अवो, लढाई चाललीय, समोर बघू नका, मारायला आलाय त्याच्याकडं बघा," तरी सगळे फोटो काढायला बसल्यागत सरळ बघायचे आणि मिशीला पीळ द्यायचे. आपल्या बाजूची अख्खी फौज तशीच झाली. एकूण एक शूर आणि एकूण एक समोर बघणारा.

पण लढाईला दुसरी बाजू लागते ना? विजापूरच्या फौजेत बसायला कुणी तयार होईना. हे घरोघरी फिरले. म्हणायचे, "अवो, विजापूरच्या फौजेत बी मराठी मानसं व्हती की, आपल्यावानीच." लोक म्हणायचे, "असतील. आमच्यातली नव्हती." कुल्फीवाला तर हात जोडून म्हणाला, "पेंटर, घरात लग्नाची पोरगी हाय. बाप गनीम म्हनून भितीवर गेला तर स्थळ ईल का?" गनीम म्हणजे शत्रू. आमच्याकडं जुन्या लढायांची गोष्ट निघाली की म्हाताऱ्यांच्या तोंडात हाच शब्द. चित्रात का होईना, तो आपल्या अंगाला चिकटू नये म्हणून माणसं ह्यांना बघून रस्ता बदलायला लागली.

एक दिवस मी नदीवरून आले तर कपाटाचा आरसा जागेवर नाही. माझ्या आहेरातलं कपाट, त्याचा आरसा ह्यांनी स्क्रू काढून सभागृहात नेला! मी तिथं गेले तर ह्यांनी आतून कडी लावलेली. "कशाला हवाय आरसा?" "गनीम मिळत न्हाय," एवढंच आतून आलं. त्यानंतर बरेच दिवस कडी तशीच. मी भाकरतुकडा दारात ठेवायचे. आतून कधी काही पडल्याचा आवाज यायचा, कधी काहीच नाही. माझा जीव नुसता खालीवर. स्टीलच्या ताटात बघून मी भांग पाडत होते आणि मनात म्हणत होते, होऊ दे एकदाचं.

झालं एकदाचं. मी पाहिलं तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती मधे, घोड्यावरून कोसळणाऱ्या, महाराजांच्या आजोबांकडं. अंगावर काटा आला. मग आपली फौज, मिठाईवाले, शिंपीदादा. उजव्या अंगाला धुरळ्यात गनीम. त्यांच्यात ह्यांचं नाक, ह्यांचे कान, हनुवटीवरचा ह्यांचा तीळ दिसला आणि मला हसू आलं. म्हटलं, बिचाऱ्यांना कुणी मिळालं नाही तर स्वतःलाच वापरलं. तेवढंच. माझं लक्ष खालच्या कोपऱ्याकडं होतं, नावाच्या जागेकडं.

हे नाव लिहायला बसले तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ सोसायटीत नोकरीला, कडक इस्त्री, खिशाला पेन. म्हणाले, "थांबा, थांबा. हे काय?"

"नाव टाकतो."

"महाराजांच्या घराण्याचं चित्र आणि त्याच्यावर पेंटरचं नाव? दुकानाची पाटी आहे का ही?"

आणि ह्यांनी ब्रश खाली ठेवला! तालुक्यातल्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ह्यांचं नाव आहे. पिठाच्या गिरणीवर आहे, सलूनवर आहे, मटणाच्या दुकानावर आहे. आणि इथं नाही. मी सेक्रेटरींशी तिथंच भांडणार होते, ह्यांनी माझा हात धरून बाहेर नेलं. "जाऊ दे गं," म्हणाले. त्यांचं ते "जाऊ दे" मला आजही सहन होत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. बायकांकडं चहा-पोह्यांचं काम होतं. ह्यांना काय काम होतं सांगू? स्टेजवर बसून मुलींच्या स्वागतगीताला पेटी वाजवायचं. पाहुण्यांत बारामतीचे एक बांधकामवाले होते. त्यांचं तिकडं मंगल कार्यालय उभं राहत होतं. ते चित्रापुढं येऊन थांबले ते थांबलेच. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागं.

"काम कुणाचं हो हे?" त्यांनी विचारलं.

सेक्रेटरी छाती पुढं काढून म्हणाले, "पुण्याहून माणूस आणला होता. मोठा आर्टिस्ट आहे."

मी ट्रे तिथल्याच खुर्चीवर ठेवला. "खोटं बोलताय, सेक्रेटरी!"

ते दचकले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, समजून घ्या. गावातल्या पेंटरनं काढलं म्हटल्यावर पाहुण्यांना काय वाटेल? मंडळाची इज्जत असते." बघा! चित्र चांगलं झालं हाच ह्यांचा गुन्हा. वाईट झालं असतं तर ह्यांच्याच नावावर मांडलं असतं, पुण्याचा माणूस कुणाला आठवला नसता.

मी म्हटलं, "पाव्हणं, हिकडं या. ह्यो ढालीआडचा बघा. ह्यो पळनारा बघा. ह्यो खाली पडलेला बघा. बघितला? आता तितं पेटीवर कोन बसलंय बघा." पाहुण्यांनी चित्राकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले. लोक उठून जवळ आले. आबांनी चष्मा चढवला, एकेक तोंडावर बोट फिरवलं आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडले, "आयला! समदा गनीम ह्योच की रं!" सभागृह हसून लोटपोट. पेटी थांबली. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी मात्र मनात म्हणत होते, आता? आता आणा तुमचा पुण्याचा माणूस!

त्या दिवसापासून ह्यांचं नाव गनीम पडलं. "काय गनीम, चहा घेनार का?" "गनीमराव, पाटी कधी देताय?" हे हसून "व्हय, व्हय" म्हणायचे. मला संताप यायचा. मी चित्रकार म्हणायला लावायला गेले आणि लोकांनी हे धरलं. तरी म्हटलं, चला, चित्र कुणाचं ते तर गावाला कळलं.

पण ते पळसदेवलाही कळलं. ह्यांचं घर मूळचं तिकडचं. धरणाचं पाणी आलं तेव्हा जुनं गाव गेलं, वर नवं वसलं, आणि थोरले दीर तिथं ऊस करतात. बाजारच्या दिवशी ते तरातरा घरात शिरले, चप्पलसुद्धा काढली नाही. "आपल्या घराण्यात कुनी पाठ दावली न्हाय! आन् तू भितीवर पळतोयस? एकदा न्हाय, धा येळा! तितं मासंवाली पोरं होडीतनं इचारत्यात मला, तात्या, तुमचा भाऊ इजापूरचा व्हय?" ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. दीर तावातावानं आबांकडं गेले. कमिटी बसली. आणि आबांनी तोड काढली.

"हे बघा," आबा म्हणाले, "गनिमाची तोंडं बदलायची. दाढ्या लावा, फडकी बांधा, काय बी करा, ह्याचं तोंड दिसाय नगं. त्येवढं केलं की खाली कोपऱ्यात नाव टाका, चित्रकार म्हनून. ह्याला माजी ना न्हाय. तोंडं तशीच ऱ्हायली तर मात्र नाव न्हाय. नावबी तेच आन् पळनारं तोंडबी तेच, मग भावकीची शोभाच!"

सेक्रेटरींनीही मान हलवली. दीर शांत झाले. आणि मी? मी तर देवापुढं साखर ठेवली. बारामतीचे पाहुणे त्यांच्या मंगल कार्यालयाच्या कामासाठी पुढच्या आठवड्यात भागीदाराला घेऊन चित्र बघायला परत येणार होते. ते यायच्या आत नाव लागलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. "एका दुपारचं काम हाय," मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "व्हय." आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा नाटकाचा पडदा रंगवायला निघून गेले. तिथून आले तर ट्रॉली. ट्रॉली झाली तर कुणाचा तरी पेटीचा भाता फाटलेला. मी विचारलं की "करतो की." माझ्या अंगाची नुसती लाही. आयतं ताटात आलंय, आणि हा माणूस हात धुवायला उठतोय! पाहुणे यायचे त्याच्या आदल्या दुपारी मी सरळ ब्रशांची पिशवी उचलली, ह्यांचं मनगट धरलं आणि भर बाजारातून त्यांना सभागृहात नेलं. लोक हसले. हसू देत.

आत कुणी नव्हतं. सेक्रेटरी बाहेरच्या खोलीत बसले होते. ह्यांनी घोडी लावली, वर चढले. मी दाढ्यांसाठी काळा-तपकिरी रंग कालवला. "कुठनं सुरू करू?" त्यांनी विचारलं.

"कुठनंबी करा. पर करा."

त्यांचा हात पुरेना म्हणून रंगाची ताटली घेऊन मीही घोडीच्या दोन पायऱ्या चढले. आणि ती तोंडं माझ्या तोंडासमोर आली. इतके दिवस मी त्यांना खालून बघितलं होतं. नाक, कान, तीळ. बस्स.

ढालीआडचा तो माणूस समोरच्या तलवारीकडं बघतच नव्हता. तोंड अर्धवट उघडं, आणि नजर बाजूला, कशावरच नाही. मला ते तोंड माहीत होतं. बारामतीचा दवाखाना. आमच्या धाकट्या लेकीचा ताप मेंदूत गेलाय की काय म्हणून आम्ही तिला घेऊन बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, अजून काही सांगता येत नाही. तेव्हा हे भिंतीकडं असेच बघत होते, पापणी लवायच्या आत संपलं ते. लगेच वळून कंपाउंडरला म्हणाले, "काय पाव्हणं, चहा मिळतो का हो हितं कुठं?" त्या चहावरून मी ह्यांना किती बोलले होते! पोरगी मरणाच्या दारात आणि ह्यांना चहा सुचतोय, म्हणून मी माहेरी जाऊन सांगितलं होतं.

पळणाऱ्याचे दात आवळलेले, लांबून बघितलं तर हसतोय असं वाटेल. तेही मला माहीत होतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी तिरडी बांधणाऱ्यांना हे दोरी कापून देत होते, तेव्हाचं ते. गावातल्या बायका तेव्हा मला म्हणाल्या होत्या, तुझ्या नवऱ्याला काही वाटतच नाही गं.

मी एकेक बघत गेले. हातातली ताटली कधी कलली कळलंच नाही, रंग माझ्या लुगड्यावर सांडला. आपल्या बाजूची सगळी फौज मिशा पिळत फोटोला उभी. लढाईत आपण मरणार आहोत हे त्या भिंतीवर फक्त ह्या गनिमाच्या बाजूच्यांना कळलेलं होतं. खाली पडलेल्या एकाचं तोंड मात्र मला ओळखू येईना. तो घोड्याकडं बघत नव्हता, आपल्याच पायांकडं बघत होता.

"ह्ये कवाचं?" मी विचारलं.

"पानी आलं तवाचं. पळसदेवला. उंबऱ्याला लागलं पानी, तवा मी आत व्हतो. तू नव्हतीस तवा."

मला रडू फुटलं. राग पण आला, खरं सांगते, फार राग आला. इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि ह्यांनी हे सगळं मला सोडून आरशाला दाखवलं. "अवो, एवढं भ्याला व्हता, तर मला कधी बोलला का न्हाईत?"

ते ब्रशाचे केस बोटानं सारखे करत होते. म्हणाले, "दोघंबी भ्यालो असतो तर डॉक्टरशी कोन बोललं असतं?" मग हात पुढं केला. "दे ती ताटली. करून टाकतो. उद्या पाव्हणं येनार. नाव लागाया पायजे ना तुला?"

हवंच होतं मला. देवाशपथ हवं होतं. सुप्याच्या त्या मैत्रिणीला इथं उभं करून ते नाव वाचायला लावायचं होतं. मी ताटली दिली नाही. नुसती धरून उभी राहिले. ह्यांचा हात तसाच पुढं.

तेवढ्यात बाहेरून सेक्रेटरींचा आवाज आला. "वहिनी, झाली का हो तोंडं? नावाची जागा दाखवायला येऊ का?"

"येऊ नका!" मी घोडीवरनंच ओरडले. "तोंडं झाली न्हाईत. आन् व्हायची बी न्हाईत!"